बॉयलरचं माप आणि आईची वही

ताईस धाकट्याचा नमस्कार.

भाऊजींची कंबर आता सरळ झाली असेल असं धरून चालतो, आणि मुलं अभ्यास करत असतील असंही (हे जरा धाडसाचं आहे). दोन महिने पत्र नाही आणि आईची खबर परक्यांकडून कळते, ही तुझी तक्रार पोचली. तर आई ठणठणीत आहे. पत्त्यांत सगळ्या वृद्धनिवासाला हरवते. आणि मुख्य म्हणजे तिच्या निवासातली जमीन आता गरम असते. ही जमीन मी गरम केली. कशी केली ते सविस्तर लिहितो, कारण लोक तुला काहीबाही सांगतील.

त्या इमारतीत भिंतींवर हीटर नाहीत. फरशीखाली नळ्या पुरल्या आहेत, त्यांतून कोमट पाणी फिरतं आणि फरशीच खोली उबवते. थंडी तोंडावर आली आणि जुन्या बॉयलरने मान टाकली. मॅनेजरबाईंनी नव्याचं काम मला दिलं. (आईच्या ओळखीने नव्हे. बावीस वर्षं या धंद्यात आहे मी.) मी इमारतीत एक चक्कर मारली, क्षेत्रफळाला धंद्यातल्या ठरलेल्या आकड्याने गुणलं, एकशे दहा किलोवॅट आले. माझा हात पहिल्यापासून सैल, म्हणून पंचवीस वाढवले. मॅनेजरबाई म्हणाल्या, म्हातारी माणसं आहेत, थोडं वरचं असू द्या. मग मी दीडशेचाच मागवला. बॉयलर मोठा आहे म्हणून थंडीत कुणी शिव्या घातल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नव्हतं.

एवढ्यात आईने हिशेब बघायला मागितला. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई, तिला नाही कसं म्हणायचं? मी हिशेब केलेली वर्तमानपत्राची कड फाडून तिच्या हातात दिली. तिने चष्मा लावला, उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, "उत्तर आहे. गणित कुठाय?"

मग तिने माझ्याच पिशवीतली टेप घेतली. कोपऱ्यातल्या खोलीत एक जहाजावरचे निवृत्त कप्तान राहतात, त्यांना दुसरं टोक धरायला लावलं आणि चार दिवस बत्तीस खोल्या मापल्या. कुठली भिंत बाहेरची, कुठली आतली, खिडकी केवढी, काच एकेरी की दुहेरी, सगळं वहीत. तिचं म्हणणं असं, की मधल्या खोलीच्या दोन्ही बाजूंचे शेजारी गरमच आहेत, मग तिची ऊब पळून जाणार कुठे? आणि पायाला ऊब असली की डोक्याला कोण विचारतो, म्हणून हवा दोन अंशांनी कमी असली तरी चालेल. तिचं उत्तर आलं बावन्न. मी तिला शांतपणे समजावलं, की अनुभव वहीत मावत नाही. (तेव्हा मला ते वाक्य फार आवडलं होतं.)

दीडशेचा बॉयलर आला तो तळघराच्या दारातून जाईना. गवंड्याने चौकट काढली, चौकटीबरोबर हातभर भिंतही आली. बसवल्यावर तो दोन मिनिटं पेटायचा, धप्पकन बंद व्हायचा, पुन्हा पेटायचा. त्याची सगळी ऊब घ्यायला इमारतीत जागाच नव्हती. तो जरा जास्त वेळ चालावा म्हणून मी फरशीतल्या पाण्याचं तापमान वाढवलं. तिसऱ्या दिवशी जेवणघरातल्या बाईंच्या चपलेचा तळ फरशीला चिकटला, कप्तान पाय बादलीत घालून बसले, आणि बाहेर बर्फ असताना बत्तीसच्या बत्तीस खिडक्या सताड उघड्या होत्या. मॅनेजरबाईंनी मला ऑफिसात बोलावून दार लावून घेतलं. कडाक्याच्या आठवड्याआधी हे सुधारलं नाही, तर दुसरा माणूस बघेन आणि तोवर सगळ्यांना नातेवाइकांकडे पाठवेन, म्हणाल्या. आईची रवानगी तुझ्याकडे झाली असती, ताई. तुमच्या दोन खोल्या आणि तो जिना डोळ्यांपुढे आला आणि मी तडजोड केली. मोठा बॉयलर दुकानदाराने परत घेतला, एका लाँड्रीला तसाच हवा होता. मी पंचावन्नचा आणला. (तीन माझे.)

कडाक्याची सकाळ आली. मी सातला तळघरात उतरलो, तर हा एकसारखा चालू. थांबायचं नावच नाही. मला घाम फुटला. लहान पडला, आता म्हातारी माणसं गारठणार, म्हणून मी गाडीतले विजेचे हीटर आणायला धावलो, तर जिन्यात आई उभी.

"कुठे निघालास?"

"तो बंदच होत नाहीये, आई."

"मग? आज वर्षातला सगळ्यात गार दिवस आहे. आज नाही चालणार तर कधी? ते हीटर राहू देत गाडीतच."

आठला मॅनेजरबाई थर्मामीटर घेऊन निघाल्या, मागे निम्मं निवास. खोलीमागून खोली वीस अंश. कप्तानांच्या खोलीत एकोणीस. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आई म्हणाली, कोपऱ्याला दोन बाहेरच्या भिंती आहेत, वहीत एकोणीसच लिहिलंय. मग तिने तिथेच खुर्चीवर बसून एकावर एक चढवलेले मोज्यांचे दोन्ही जोड काढले, माझ्या हातात दिले आणि अनवाणी उभी राहिली. गेली तीन वर्षं गार फरशीने तिचे पाय किती दुखतात हे तिने तुला सांगितलं नाही, मलाही नाही. मी मोजे धरून उभा राहिलो.

तर असं हे काम मी अनुभवाच्या जोरावर तडीस नेलं. काळजी नसावी.

तुझा धाकटा

ता. क. पत्राचं कारण राहूनच गेलं. मॅनेजरबाईंच्या बहिणीची शाळा आहे, तिथेही अशीच फरशी. माप काढायचं काम आईला मिळालंय, आणखी एक बालवाडी रांगेत आहे. तिला पाइप जोडणारा हवा आहे, सांगितलेलं ऐकणारा. दोन नावं तिने लिहून ठेवलीत, त्यात माझं नाही. रविवारी बोलशील तेव्हा सहज माझा विषय काढ. मी सांगितलं असं मात्र म्हणू नकोस.

दुसरा ता. क., आईच्या अक्षरात: हा गुपितं लिहितो आणि पाकीट चिकटवायला माझ्याकडे देतो. शुद्धलेखनाच्या अकरा चुका मी सुधारल्यात. रविवारी विषय काढू नकोस. सोमवारपासून त्याला घेतेय. महिनाभर बघते.