तुझा स्टॉल आम्ही मांडला

प्रिय शर्मिला,

सप्रेम जयभीम. फोनवर आपलं बोलणं भाजीचे भाव आणि नागपूरचं ऊन याच्यापुढे जात नाही, म्हणून हे पत्र. आधी बातमी सांगतो. तुझ्या स्क्रॅपबुकांचा स्टॉल आम्ही मांडला. रागावू नकोस.

झालं असं, शनिवार पेठेतल्या प्रदर्शनातली जागा तू दिवाळीआधीच धरून ठेवली होतीस. तुझा फोन लागेना म्हणून त्या प्रदर्शनवाल्या पायलने माझा नंबर शोधून काढला. "काका, जागा दुसऱ्या कुणाला देऊ का?" मी म्हटलं, "कशाला? आम्ही येतोय." फोन ठेवल्यावर तुझ्या आईने विचारलं, "आणि विकणार कोण?" माझा जन्म गेला पाणीपुरवठा खात्यात. तिथे लोक आपणहून तक्रार घेऊन यायचे, मला कुणाला बोलवायची वेळच आली नव्हती. तरी तुझी दोन खोकी घेऊन वाघोलीहून मनपाची बस धरली.

पहिल्या दिवशी कुणी थांबेना. लेस लावलेली तुझी कोरी पुस्तकं लोक लांबूनच बघत आणि पुढे जात. एक बाई म्हणाल्या, "फोटो काय, फोनमध्ये असतातच की." मी म्हटलं, "मग तुमच्या आईचा दाखवा बरं." त्या शोधत राहिल्या. बिलांचे फोटो निघाले, डब्यातल्या भाज्यांचे निघाले, आई काही सापडेना. चिडून निघून गेल्या. तुझ्या आईने कपाळावर हात मारला. "अहो, गिऱ्हाईक आहे ते. उलटतपासणी काय घेता?"

दुसऱ्या दिवशी युक्ती तिनेच काढली. माझ्या निवृत्तीला तू केलेलं पुस्तक तिने घरून आणलं आणि टेबलावर मधोमध उघडून ठेवलं. तेच ते, वेरूळला भांडून तोंडं फिरवून बसलेल्या आम्हा दोघांच्या फोटोचं पान. लोक थांबायला लागले. "हे काका तुम्हीच का?" "यात रुसलंय कोण?" असं कुणी विचारलं की तुझी आई सुरू. कोऱ्या कागदापाशी कुणी थांबत नाही ग, माणसांपाशी थांबतात. शेजारच्या स्टॉलवरच्या शेफालीने आमचा व्हिडिओ काढून तुझ्या पेजला जोडून दिला. त्यात मी एका गिऱ्हाइकाला "आधी हात पुसा" म्हणतोय. लोकांना तेच आवडलं म्हणे. दुपारपर्यंत एक खोकं रिकामं झालं, ऑर्डरी वेगळ्याच.

दुसऱ्या खोक्याच्या तळाशी ते छोटं पिवळं पुस्तक निघालं. अर्धवट. एकीने उचललं, "बारशाला द्यायला छान आहे," म्हणाली. तुझ्या आईने ते हळूच तिच्या हातातून काढून घेतलं. "हे विकायचं नाही," एवढंच म्हणाली आणि पदराने पुसून पिशवीत ठेवलं. तू दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आलीस, तेव्हा मी स्वयंपाकघरात डाळिंबाचा रस काढत बसलो होतो. दुसरं काही सुचतच नव्हतं मला. पुढे अनिरुद्ध तुला सासरी नागपूरला घेऊन गेला आणि खोकी आमच्याकडे राहिली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. संध्याकाळी मंदाकिनी नावाच्या एक बाई आल्या, तुझ्याच वयाच्या. गर्दी सरेपर्यंत बाजूला उभ्या होत्या. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्याकडे सामान फार थोडं आहे. दवाखान्यातला मनगटाचा पट्टा आणि एक टोपडं. एवढ्यावर पुस्तक होतं का?" त्यांची मुलगी जन्मली आणि लगेच गेली. मी म्हटलं, "करणारी माझी मुलगी आहे. तिला विचारून सांगतो." घाई नाही म्हणाल्या. तुला नको वाटलं तर मी स्वतः जाऊन त्यांना सांगेन, तुझ्यावर ओझं नको. पण त्या निघताना मी बाळाचं नाव विचारलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, काय सांगू. "चार्वी," म्हणाल्या. "हे विचारणारे तुम्ही पहिलेच, काका." परतताना बसमध्ये तुझी आई म्हणाली, "आपण तर विचारलंच नाही." शर्मिला, तुझ्या बाळाचं नाव तू काय ठरवलं होतंस ग? आम्हाला ते नाव घ्यायचंय.

तुझाच,
बाबा