परसातल्या पाहुण्याची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा रानातल्या झाडांची रोपे वाढवून विकण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी आजचा वार विचारला. मी आधी त्यांच्या खिडकीबाहेरच्या झाडाचे नाव सांगितले, मग वार. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तसा प्रयत्न करून दमलेले लोक घरात आहेत, त्यांना विचारावे.

कलम १. राहते घर, त्यामागचे परस आणि बँकेतली ठेव मुलीला. जावईबापूंना परसात गाडी लावायची आहे, हे माझ्या कानावर आले आहे. कान अजून शाबूत आहेत. गाडी लावता येणार नाही. कारण कलम चारमध्ये.

कलम २. जावईबापूंना माझे भिंग. ही चेष्टा नाही. लग्नानंतर मला खूश करायला ते रानातून एक पान घेऊन आले आणि झाड ओळखा म्हणाले. ते पान नव्हतेच. एका लांबलचक पानाची ती एक पर्णिका होती, म्हणजे पंजा सोडून नुसते बोट आणावे तसे. पान कुठून सुरू होते ते असे पाहावे: देठाच्या बगलेत बारीक कळी असते. ती दिसेपर्यंत फांदीकडे मागे मागे जायचे. माणूस भला आहे, पण मागे जायची सवय नाही. भिंगाने लागेल.

कलम ३. रोपवाटिका, झाऱ्या, कात्र्या आणि पाने दाबायच्या फळ्या माळीणबाईंना. त्या रोपांशी बोलतात, गिऱ्हाइकाशी बोलत नाहीत. धंद्याला हे बरे नव्हे, पण रोपांना मानवते. अट एकच, रोपे रानातल्याच झाडांची असावीत. शोभेची मागणाऱ्याला पुढच्या चौकातले दुकान दाखवावे, आणि शक्य तर गोड बोलून दाखवावे.

कलम ४. परसातल्या झाडाला आम्ही पाहुणा म्हणतो. रानातून आणलेल्या बियांत ते चुकून आले आणि एकटेच वेगळे उगवले. रोप असताना त्याच्या पानांना करवतीसारखे दाते होते. मोठे झाले तशी वरची पाने सरळ कडेची येऊ लागली. वावळाचे असेच होते, म्हणून मी वावळ म्हणून मोकळी झाले होते. पण वावळाचे पान चुरगळले की घाण वास येतो. याला वासच नाही. पाने समोरासमोर म्हणावीत तर मध्येच एखादी जोडी वरखाली सरकते. दोन प्राध्यापकांना पाने पाठवली. एकाने एक नाव कळवले, दुसऱ्याने दुसरे, आणि दोघांनीही लिहिले की फूल आल्यावर खात्रीने सांगू. पाहुण्याने अजून फूल धरलेले नाही. रोज सकाळी मी त्याच्याखाली जाऊन वर बघते. इतकी वर्षे झाली, कंटाळा म्हणून आला नाही.

माझ्या धाकट्या भावाची लाकडाची वखार आहे. त्याचे म्हणणे, पान बदलते, लाकूड बदलत नाही. माझे म्हणणे, लाकूड बघायला झाड मारावे लागते. यावर आम्ही जन्मभर भांडलो आणि त्यात दोघांनाही मजा आली. पुढे मी खुब्याच्या हाडासाठी इस्पितळात असताना त्याने माझ्या परसात येऊन पाहुण्याच्या खोडाला गिरमिटाने भोक पाडले, भुसा हुंगला, जिभेला लावून पाहिला आणि झाड ओळखले. निदान तसे तो म्हणतो. मी घरी आले, भोक पाहिले आणि त्याच्याशी बोलणे टाकले. जाताना दारात तो एवढेच म्हणाला, "ताई, एकदा विचार तरी. लगेच सांगतो." मी विचारले नाही. मला राग आला होता आणि अजून आहे.

तरीही पाहुणा मी त्यालाच देत आहे. जमीन मुलीची आणि झाड भावाचे, यात पुढे कटकटी होतील असे वकील म्हणाले. मी म्हटले, होऊ द्या. मुलगी त्या झाडाची सावली बघते, जावई जागा बघतो. हे आहे तरी काय, असा प्रश्न आम्हा दोघांनाच पडला. आणि ते भोक मी भिंगाने तपासले आहे. आत मेण भरून वरून बोटाने सारखे केले होते. झाडाचे वाईट चिंतणारा इतकी निगुती करत नाही. म्हणून झाड कापू नये अशी अट मी घातलेली नाही.

कलम ५. वरचे सर्व माझ्या मृत्यूनंतर अमलात यावे. हे कलम आजच यावे. असे नसते, असे वकिलांचे मत आहे, तरी लिहावे. डॉक्टरांनी घरी जाताना वखारीत थांबून हे माझ्या भावाला वाचून दाखवावे.

बाळ्या, तोंडाने विचारायला मला अजून जमत नाही. म्हणून दोन साक्षीदारांसमोर लेखी विचारते. आत काय होते? माझ्यामागे सांगून उपयोग नाही. ये.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार: १. डॉक्टर (सही). २. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर (सही). दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळायचे नाही, आणि तशी त्यांची तक्रारही नाही.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: चार मार्च