उंबऱ्याला चाकं

जुळे सोलापूर,
आषाढ, सोमवार.

तीर्थस्वरूप रुद्रप्पाअण्णा यांना सोमशेखरचे शरणू शरणार्थी.

तुमची प्रकृती, वहिनींचे गुडघे आणि लाल गाईचं मोडलेलं शिंग या सर्वांची आस्थेने चौकशी. इकडे मी ठीक, आणि तुमची बहीण ठणठणीत. हे पत्र दानेश्वरीच्या नकळत लिहितो आहे. फोनच केला असता, पण माझा फोन ती माझ्याआधी उचलते आणि व्हॉट्सॲपही माझ्याआधी वाचते, तेव्हा या निवृत्त हेडक्लार्कने शेवटी कागद-पेन काढलं.

जुनं उगाळायचं नाही, पण मुद्द्यापुरतं उगाळतो. तुमच्या वास्तुशांतीला हिने दोन दिवस उखळात कुटून शेंगाचटणीचा डबा आणला, आणि तुम्ही भर पंगतीत चव घेऊन विचारलंत, "बाजारची हाय का गं?" तुम्ही कौतुकानेच म्हणालात हे मला ठाऊक आहे. (मीही लग्नानंतर हीच चूक केली होती आणि आठ दिवस नुसत्या वरणभातावर काढले होते.) त्यावर ती म्हणाली, "तुझ्या घराचा उंबरा पुन्हा चढणार न्हाय." इथे कोणीही शहाणा भाऊ समजूत घालतो. तुम्ही म्हणालात, "नको चढू." झालं. दोन नागपंचम्या गेल्या. दर पंचमीला ती बांगड्या भरते, इरकल नेसते आणि माहेरी निघायच्या वेळेला गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते. कपडे कालच वाळलेले असतात. गच्चीवरून अक्कलकोटचा रस्ता दिसतो. मला ते बघवत नाही, अण्णा.

परिपत्रकातल्या पळवाटा शोधण्यात माझी चौतीस वर्षं गेली. त्यामुळे विचार करता करता माझ्या लक्षात आलं, की शपथ उंबऱ्याची आहे, अंगणाची नाही. म्हणजे चाकांवरचं एक छोटं घर करायचं, ते तुमच्या अंगणात लिंबाखाली उभं करायचं, आणि ही राहील स्वतःच्या घरात पण माहेरी. हिला सांगितलं, बदामी-हंपी बघायला जाऊ. काम दिलं तात्याबाला. तो उसाच्या ट्रॉल्या बनवतो. त्याचा पहिला प्रश्न, "किती टनाची करू?" मी म्हटलं, आम्ही दोघंच आहोत. त्याने हिच्याकडे एकदा, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. घर मात्र झकास झालं. दोन बाकं, ओटा, सोलापुरी चादरींचे पडदे. फक्त मागची फळी कडी काढली की धाडकन खाली पडते, ऊस उतरवायला सोयीची. शिवाय दाराला सागवानी उंबरा, ज्याला माझा अंगठा आतापर्यंत तीनदा ठेचला. हा कुणी सांगितला होता, असं विचारलं, तर म्हणाला, "घर हाय म्हनला की तुमी. मग घराला उंबरा नको व्हय?"

आता प्रश्न, ते ओढायचं कशाने. माझी समजूत अशी की चाकं आहेत म्हणजे जाईल कशाच्याही मागे. प्रथम आमची छोटी गाडी जोडली. तात्याबाने आडवा दांडा ट्रॅक्टरच्या उंचीचा केलेला, त्यामुळे घराने पुढे मान घातली, आतली भांडी घरंगळत पुढे आली आणि सगळा भार गाडीच्या बुडावर बसला. स्टिअरिंग फिरवलं की गाडी जरा विचार करून मग वळायची. रेल्वेपुलाच्या चढावर तर ती मध्येच थांबली आणि हळूहळू मागे जाऊ लागली. ओढणाऱ्यापेक्षा ओढायचं जड असलं की कोण कुणाला नेतं, हे मला तेव्हा कळलं. शेजारी बसलेल्या तुमच्या बहिणीने शांतपणे विचारलं, "बदामी बघून झाली का?" नाश्त्याच्या गाडीवरच्या चौघांनी हातातली भजी टाकून चाकांना दगड लावले म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मग शेजारचे बापूसाहेब स्वतःहून जीप घेऊन आले. जीप दांडगी, पण हूक बसेना, म्हणून तुमच्या लिंबाला पंचमीचा झोका बांधायला आणलेल्या नव्या दोराने बांधली. कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत आम्ही वरातीसारखे ऐटीत गेलो. तिथे म्हैस आडवी आली आणि बापूसाहेबांनी ब्रेक मारला. जीप थांबली, पण ही बातमी घराला पोहोचली नव्हती. (म्हैस सुखरूप आहे. जीपचं मागचं दार आता उघडत नाही. बापूसाहेब नमस्कार करतात, पण रस्त्याच्या पलीकडून.) शेवटी तात्याबाला बोलावलं. त्याने घराभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, "सायेब, ही पोरगी ट्रॅक्टरच्याच घरात नांदंल. दुसरीकडं देऊ नका."

तुम्हाला ट्रॅक्टरमधलं लई कळतं, तेव्हा कसला ट्रॅक्टर बघावा, एवढा सल्ला कळवावा. बाकी काही नाही. वहिनींना नमस्कार.

आपला,
सोमशेखर

ता. क. : सल्ला राहू द्या. गेल्या महिन्यात अक्कलकोटच्या बाजारात मी तुमचा ट्रॅक्टर लांबून पाहिला. बॉनेटवर 'दानेश्वरी' हे नाव तसंच आहे, वर नवा रंगही दिला आहे तुम्ही. पंचमीच्या आदल्या दिवशी तोच घेऊन या, अण्णा. तो सोडून दुसरं कोणी तिला ओढून नेऊ शकेल असं मला वाटत नाही.

ता. क. (वेगळ्या अक्षरात) : अण्णा, ह्यांनी पत्र तांदळाच्या डब्यात लपवलं होतं. आमच्या घरात भात रोज होतो, हे बी ह्यांच्या ध्यानात न्हाय. बदामीला जायला झोक्याचा नवा दोर कशाला लागतो, ते मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. घराचा उंबरा मीच तात्याबाला सांगून बसवून घेतला. तुझा उंबरा चढणार न्हाय म्हनले, ते म्हनलेच. पण तू माझा चढू नको, असं मी कधी म्हनलं का? ट्रॅक्टर दारात लावायचा, पाय धुवायचे आणि आत यायचं. चटणी कुटून ठेवली हाय. चव घे आणि गप बस.