हरणाच्या तोंडातला डहाळा

वलगाव. गुरुवार, होळीच्या आधीचा. संध्याकाळ.

शी! स्वतःचीच किळस आली आज.

महिनाभर मागच्या अंगणात घमेलंभर पाणी ठेवतोय, बाजूला खडेमीठ. कशासाठी? तर हरणांनी जवळ यावं आणि मला फोटो मिळावा. आली. एक फोटो तर असा उतरला की मोठा करून बैठकीत लावला. हरीण थेट माझ्याकडे बघतंय आणि तोंडात हरभऱ्याचा हिरवा डहाळा. त्या डहाळ्यानंच फोटोत जीव आला, असं येईल त्याला सांगत होतो.

आज शेजारच्या वावरातल्या शांताबाई आल्या. फोटोपुढेच थबकल्या.

“गुरुजी, हा तं आमचाच हरभरा! अर्धं वावर खाल्लं त्याईनं. काहून इकडंच येऊन राहिले, काय मालूम. तलाठी म्हन्ते, भरपाई पायजे तं पुरावा आना. एक कॉपी द्या ना मले.”

फोटोत घमेलं दिसतं. मिठाचे खडेही. हरणांना बोलावलं कोणी, हे तलाठ्याला एका नजरेत कळेल.

म्हणालो, “रोल खराब झाला, बाई. दुसरी कॉपी नाही निंगत.”

“राहू द्या मंग. तुमी तरी काय करसान?” जाताना पदरातले ओल्या हरभऱ्याचे डहाळे ओट्यावर ठेवून गेल्या. “वाचले तेवढे आनले. भाजी करा.”

डहाळे तसेच पडलेत तिथं. उचलवत नाहीत.

फोटो उतरवला. फाडायलाच घेतला होता. फाडला नाही. कपाटात कपड्यांखाली ठेवला.

चांगला आलाय ना.