भातातला नफा

ओयदिन,

काल जेवताना तू मला म्हणालीस, "अता, त्या निंदणीच्या बाया मजुरी घेतात आणि वर पुलावही हाणतात. पुढच्या वर्षी कॉलेज सोडून मीच भातात उतरते, नफा घरात राहील."

यंदा आईच्या जागी पहिल्यांदाच बाया लावल्या. मजुरी जाता हाती काही उरलं नाही. वीस वर्षं तुझी आई गार पाण्यात फुकट उभी राहिली, त्यालाच आपण नफा म्हणत होतो.

मी उझगेनला मालकाकडे जातोय, खंडाचं शेत परत करायला. घरच्या तुकड्यात मका लावू.

चुलीवर शोरबा आहे. कॉलेजची बस चुकवू नकोस.

आईचे रबरी बूट तुझ्याच मापाचे आहेत, म्हणून सोबत नेतोय. शोधू नकोस.

— तुझा बाप, अता