बगळ्यांमधलं भोक

दोहा,
१६ सप्टेंबर २०२२

ती. आई,
साष्टांग नमस्कार. आम्ही तिघं तब्येतीने ठीक आहोत. गुडघ्याचा शेक चालू आहे ना? गार्गी फोनवर तुमच्याशी इंग्रजीत बोलते म्हणून रागावू नका. माझ्याशीही तेच करते.

गिरीशचा फोन नाही म्हणून तुम्ही काळजीत आहात. कामाचा ताण आहे, असं मी सांगितलं. वर्ल्ड कप दोन महिन्यांवर आलाय. द पर्ल बेटावरच्या ज्या हॉटेलचं काम गिरीश बघतो, तिथे भिंतींचा रंग ओला असतानाच गालिचे अंथरताहेत. जो तो नुसता ‘यल्ला, यल्ला!’, म्हणजे चला, आटपा. वीट आलाय मला त्या शब्दाचा.

तिथल्या जुन्या फर्निचरची देखभाल माझ्याकडे आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. मालकांनी युरोपातून एक कपाट आणवलं. अडीचशे वर्षांपूर्वी चीनमध्ये खास युरोपातल्या श्रीमंतांसाठी बनवलेलं. थरावर थर वाळवत चढवलेलं काळंभोर लॅकरचं रोगण, त्यावर सोनेरी पूल, झाडं, बगळे. एसी कमी ठेवा, कोरड्या हवेने लॅकर तडकतं, म्हणून मी घसा कोरडा केला. ऐकतंय कोण?

रविवारी जाऊन बघते, तर उजव्या बाजूला, बगळ्यांच्या मधोमध, वाटीएवढं भोक! पाहुण्यांना मॅच बघायला कपाटात टीव्ही बसवायचा, त्याच्या वायरींसाठी. भोवतीच्या लॅकरचे टवके उडालेले. मी तिथेच रडले.

ठपका आला उस्मानवर. उस्मान म्हणजे आपल्या रायगडचा सुतार, दिवाळीत आमच्याकडे फराळाला येतो तो. मॅनेजर त्याला म्हणाला, “खलास. घर जाओ.” मी विचारलं, तर उस्मान एवढंच म्हणाला, “मॅडम, साहेबांनी दाखवलं तिथं कापलं. नाव मी नाय घेणार.”

कोणते साहेब, हे मला विचारावं लागलं नाही. घरी आल्यावर गिरीशच म्हणाला, “तूच सांगितलंस ना, युरोपवाले लॅकरचे चिनी लाकडी पडदे कापून कपाटं बनवायचे म्हणून? मग एका भोकाने काय बिघडलं?” जेवताना मी हौसेने सांगितलेली गोष्ट! मग हळूच म्हणाला, “नमिता, मालकांनी विचारलं तर गप्प राहा. उस्मानला कुठेही काम मिळेल. मला या वयात कोण देणार? गार्गीच्या शाळेचं काय?”

त्याचं शाळेचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त संताप आला. तो स्वतः जाऊन सांगेल म्हणून मी सोमवार अख्खा वाट पाहिली. तो गेला नाही.

मंगळवारी मालकांनी मला विचारलं. मी गिरीशचं नाव सांगितलं.

उस्मान कामावर आहे. गिरीश घरात बसून आहे, माझ्याशी बोलत नाही. महिनाअखेरीस तो नाशिकला येईल. गार्गीची परीक्षा होईपर्यंत आम्ही दोघी इथेच राहू. तो तुम्हाला मालकांबद्दल बरंच काही सांगेल, माझं नाव कदाचित टाळेलही. पण त्याची नोकरी माझ्या बोलण्याने गेली, हे तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं होतं. आई, मला त्याची दया येते आणि रागही येतो, आणि दोन्ही कमी होत नाहीत.

दर वेळी खाली ‘तुमची सून’ लिहिते. आज नुसतं नाव लिहितेय. पुढचं तुम्ही ठरवा.

नमिता