अप्पांची टाकी आणि आमचं नेट

४ मार्च, लातूर
दु. ३ ला नेट गेलं. पल्लवीची पुण्याच्या ऑफिसशी मीटिंग चालू, आणि लॅपटॉपवरचे सगळे चेहरे जागच्या जागी थिजले. महिन्यात तिसऱ्यांदा. साहेब म्हणाले म्हणे, असंच चालणार असेल तर पुण्याला येऊन बसा. नेटवाल्या कंपनीला फोन. "राउटर बंद करून चालू करा." केला. चारदा केला. पाचव्यांदा तेच सांगितलं तेव्हा मीच फोन बंद केला.
आज नळाला पाणी मात्र आलं, दहाव्या दिवशी. हौद भरला. तेवढं एक काम झालं.

५ मार्च
नेट नाही. पण मोबाइलवर वायफायच्या पट्ट्या काठोकाठ! पल्लवी वैतागून, "बाबा, वायफाय म्हणजे नेट नव्हे. वायफाय फक्त राउटरपासून आपल्यापर्यंत. बाहेरून राउटरपर्यंतच काही येईना."
म्हणजे घरातली तोटी चकाचक आणि मेन लाइन कोरडी. मग असं सांगायचं ना. पाटबंधाऱ्यात तीस वर्षं ओव्हरसियर होतो, एवढं कळतं.
मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहिला. कॉलनीत रेंजची एकच दांडी, तीही जिन्यात. पोरगी दिवसभर पायरीवर बसून काम करतेय.

८ मार्च
नेट आपोआप आलं. कुणी काही केलं नाही. आणि आल्यावर दोन तासांनी कंपनीचा जावेद उगवला. "काका, चालू तर हाय की."
डोकं तापलं, पण चहा दिला आणि सगळं त्याच्याकडून समजून घेतलं. आपल्याकडे रस्ता खोदल्याशिवाय केबल येत नाही, म्हणून गच्चीवर डिश. ती टॉवरकडून हवेतून नेट घेते. टॉवर सरळ दिसला पाहिजे, मधे आडवं काही नको. घरात राउटरची दोन नावं का दिसतात तेही विचारलं. एक लांब जातं पण हळू. दुसरं पळतं, पण भिंत आली की धापा टाकतं.
डिशसमोर शेजारच्या अप्पांची काळी टाकी येते, ती दाखवली. टिचकी मारून म्हणाला, "प्लास्टिक हाय, वरनं रिकामी हाय. सिग्नल आरपार जातो. बेफिकीर ऱ्हावा."
राहिलो.

१४ मार्च
दु. १२.४० पाणी आलं. १.१५ नेट गेलं.
गच्चीवर गेलो तर अप्पांची टाकी भरून वाहत होती. खाली येऊन ही वही उलटी चाळली. ४ तारखेलाही तेच. पाणी आलं की नेट जातं, टाकी उतरली की येतं!
जावेदला फोन. "हाव काका, पाणी सिग्नल खातं. तवा टाकी उतरलेली होती, मला काय ठाव?" उपाय एकच, बारा फुटी पाइप लावून डिश उंच करायची. पाइप कधी? "पाडव्यानंतर येतो." डिश दुसऱ्या कोपऱ्यात न्यावी तर क्लासच्या पोरांचं पाचमजली होस्टेल आडवं येतं.
आणि ती टाकी त्या कोपऱ्यात ठेवायला लावली कुणी? मीच. अप्पा स्लॅबच्या मधोमध ठेवत होते. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, खाली कॉलम आहे, वजन तिथंच पेलेल. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी वाटतंय.

१७ मार्च
२४ ला दु. ३ वाजता मोठ्या साहेबांबरोबर मीटिंग. घरून काम करू द्यायचं का, ते त्या दिवशी ठरणार. २४ म्हणजे नेमका पाण्याचा दिवस.
पल्लवीने माळ्यावरून बॅग काढली. नुसती पुसायला, म्हणाली.
दिवाळीत तिची आई गेली, तेव्हापासून पोरगी माझ्याजवळ आहे. ती गेली तर घर खायला उठेल. तिला हे बोललो नाही. बोललो तर ती नोकरी सोडेल, आणि तेही मला नको.
संध्याकाळी कट्ट्यावर अप्पांपाशी सगळं रडगाणं गायलो. टाकी भरू नका, हे मात्र तोंडातून निघेना. लातुरात कुणाला कसं म्हणावं हे? अप्पा सुपारी कातरत म्हणाले, "बघू."
काय बघू? चिडूनच घरी आलो.

२४ मार्च
दु. १ ला पाणी. सगळ्या कॉलनीच्या मोटरी सुरू. मी घड्याळ बघतोय. तीन, साडेतीन, चार. नेट हललं नाही, मीटिंग पार पडली!
गच्चीवर धावलो. अप्पा टाकीजवळ बादली पालथी घालून उन्हात बसलेले. टाकीचा कॉक बंद.
"भरली नाही?"
"पोरीचं हून जाऊ द्या म्हणलं."
तोवर नळ गेला होता. पुढचं पाणी दहा दिवसांनी. सत्तर वर्षांचा माणूस, घरात काकू, आणि टाकी कोरडी. खाली जाऊन आमच्या हौदाला मोटर जोडली, पाइप त्यांच्या टाकीत सोडला.
टाकी अर्धी झाली असेल. खालून पल्लवी ओरडली, "बाबा, नेट गेलं! साहेबांचाच परत कॉल आला होता. 'मग आम्ही असं ठरवलंय' एवढंच ऐकू आलं."
पळत जाऊन मोटर बंद केली. अप्पा वरून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बंद. अर्ध्यात भागतंय आमचं."
सा. ६.१०. नेट नाही. पल्लवी जिन्यात उभी आहे, मोबाइल उंच धरून.